डेट्रॉइट १९६७ च्या दंगलीमुळे ओस पडलं, हे मला मान्य नाही

वाटसरू :
अमेरिकेतल्या डेट्रॉइट या मोटारींच्या शहराचा विषय निघाला की आपल्या लोकांत एकच उत्तर मिळतं : १९६७ मध्ये दंगल झाली, गोरे पळाले, शहर बसलं. जनगणनेचे आकडे बघा. १९५० मध्ये साडेअठरा लाख वस्ती, १९६० मध्ये सुमारे १६.७ लाख. दंगलीच्या आधीच गळती सुरू होती.

दक्षिणेतून कारखान्यांत कामाला आलेल्या काळ्या कुटुंबांना जागा मिळायची ती मुख्यतः ब्लॅक बॉटम आणि पॅराडाइज व्हॅली या शेजारशेजारच्या वस्त्यांत. जुनी लाकडी घरं, अवाच्या सवा भाडी. तरीही हेस्टिंग्ज स्ट्रीटवर त्यांनी स्वतःची दुकानं, दवाखाने, जाझचे क्लब उभे केले. पुढे 'झोपडपट्टी निर्मूलन' म्हणून ही वस्ती पाडली आणि हेस्टिंग्ज स्ट्रीटच्या जागी क्रायस्लर फ्रीवे आला. भरल्या बाजारपेठेवरून बुलडोझर फिरवणं याला विकास म्हणायचं?

आणि ती भिंत! १९४१ मध्ये एट माइल रोडजवळ एका बिल्डरने काळ्या वस्तीच्या कडेने सहा फूट उंच, अर्धा मैल लांब भिंत बांधली, कारण काळ्या वस्तीला लागून असलेल्या घरांना सरकार कर्जाची हमी देत नसे, आणि भिंतीशिवाय त्याच्या गोऱ्या गिऱ्हाइकांना ते गृहकर्ज मिळत नव्हतं. ती अजून उभी आहे.

फिटर :
असहमत. भिंत खरी आहे, पण शहर कामामुळे वाढलं आणि कामामुळेच आटलं. १९१४ मध्ये फोर्डने दिवसाला पाच डॉलर जाहीर केले आणि जगभरातून माणसं आली. दुसऱ्या महायुद्धानंतर कंपन्यांना एकमजली, लांबलचक असेंब्ली लाइन हवी होती. तेवढी सलग जमीन शहरात नव्हती, ती बाहेर मिळाली. १९४७ ते १९६३ मध्ये शहरातल्या सव्वा लाखाहून जास्त कारखानी नोकऱ्या गेल्या. पॅकार्ड या मोटार कंपनीने १९५६ मध्येच इथलं उत्पादन थांबवलं. भेदभाव नसता तरी शहर आकसलंच असतं.

वाटसरू :
आकसलं असतं, कबूल. पण नोकरीच्या मागे कोणाला जाता आलं? कारखाना वॉरेनसारख्या उपनगरात गेला की गोऱ्या कामगाराला तिथे घर घेता यायचं. काळ्या कामगाराला ते दार बंद. १९७० मध्येही वॉरेनमध्ये काळी कुटुंबं नावापुरती होती.

नोव्हायकर :
मी याच भागात राहतो. सगळं जुन्या कर्जधोरणावर ढकलू नका. २०१३ मध्ये शहराने दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा देणं सुमारे १८ अब्ज डॉलर होतं. लोकवस्ती घटत असताना पेन्शनची आश्वासनं आणि कर्जं वाढवत नेली ती निवडून दिलेल्या कारभाऱ्यांनी. त्यांना जाब नको विचारायला?

सावली :
नोव्हायकर, आपण मराठी मंडळी ट्रॉय-नोव्हायसारख्या उपनगरांत घर घेतो ते शाळा बघूनच ना? १९७४ च्या मिलिकन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डेट्रॉइटच्या शाळांतला वर्णभेद दूर करण्याच्या योजनेत उपनगरांना ओढता येणार नाही. ज्या हद्दीमुळे आपल्या घरांना भाव आहे, ती त्या निकालाने पक्की केली. कर भरणारी कुटुंबं हद्दीपलीकडे गेल्यावर कारभारी कोणीही असता तरी तिजोरीत काय उरणार होतं?

फिटर :
शाळांचा मुद्दा पटला. पण प्रत्येक बुलडोझर वर्णद्वेषाचा नव्हता. १९८१ मध्ये काळे महापौर कोलमन यंग यांनी जनरल मोटर्सच्या कारखान्यासाठी पोलटाउन ही वस्ती पाडली. तिथे पोलिश म्हातारी माणसंही होती आणि काळी कुटुंबंही. चार हजारांवर लोक उठवले, न्यायालयानेही परवानगी दिली. कबूल केलेल्या सहा हजार नोकऱ्या पूर्ण कधीच आल्या नाहीत. तिथे निर्णय घ्यायला लावला तो नोकऱ्या जाण्याच्या भीतीने, आणि मी सुरुवातीपासून तेच सांगतोय.