हॅलोवीन खरंच केल्टिक आहे का?

रानवारा:
डब्लिनला राहतो. आपल्याकडचे लोक हॅलोवीनला अमेरिकन फॅड म्हणतात तेव्हा राग येतो, कारण मूळ इथलंय, केल्टिक म्हणजे आयरिशसारख्या भाषा बोलणाऱ्या जुन्या लोकांचं. आयरिश लोकांचा साविन हा सण, ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळपासून १ नोव्हेंबर, गुरं उन्हाळी कुरणांवरून खाली आणायची आणि हिवाळा सुरू. जुन्या कथांत त्या रात्री टेकड्या उघडतात, पलीकडच्या अद्भुत जगातले लोक बाहेर येतात. रॉसकॉमन जिल्ह्यात राथक्रोहनला मांजरांची गुहा म्हणून आहे, त्या जगाचं दार मानतात तिला, तिथे मी गेलोय, अक्षरशः सरपटत आत जावं लागतं. चर्चने या सणाचं फक्त नाव बदलून १ नोव्हेंबरचा 'सगळ्या संतांचा दिवस' केला असं माझं ठाम मत.

बोरूबहाद्दर:
नाव बदललं, याला पुरावा काय? सगळ्या संतांचा दिवस जुनं आयरिश चर्च २० एप्रिलला पाळायचं. साविनवर पांघरूण घालायचं असतं तर तारीख आधी आयर्लंडमधेच बदलली असती ना! १ नोव्हेंबर दिसते ती इ.स. ८०० च्या आसपास नॉर्थम्ब्रिया (उत्तर इंग्लंडचं जुनं राज्य) आणि जर्मन भागात. आणि मृतांचा दिवस तर २ नोव्हेंबर, तो फ्रान्समधल्या क्लूनी मठाचा प्रमुख ओदिलो याने साधारण १००० साली सुरू केला. साविन मृतांचा सण होता याला ख्रिश्चन धर्म येण्याआधीचा पुरावा नाही, इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी हे नीट मांडलंय.

रानवारा:
त्या जुन्या कथा पुढे ख्रिश्चन साधूंनी लिहून काढल्या हे मान्य, पण हवेतून काढल्या का? आयर्लंडमधल्या तारा नावाच्या टेकडीवरची ती बोगद्यासारखी दगडी कबर बघा, साविनच्या सुमारास उगवता सूर्य आत येतो.

बोरूबहाद्दर:
अरे ती ५००० वर्षं जुनी, केल्टिक भाषा तिथे पोचायच्या कितीतरी आधीची. म्हणजे केल्टिक पुरावा म्हणून ती चालत नाही.

सायली_के:
तुम्ही दोघं तारखांवरच अडकलात, घराघरात काय चालायचं ते बघा की. सलगम कोरून दिवे करायचे, आयर्लंडच्या मेयो जिल्ह्यातल्या म्युझियममधे डोनेगल जिल्ह्यातल्या अशा एका दिव्याची प्रतिकृती आहे, चेहरा इतका भयानक की भोपळा त्यापुढे गोड वाटतो. फळांच्या ब्रेडमधे अंगठी लपवायची, जिला मिळेल तिचं लग्न ठरणार. सलगमऐवजी भोपळा अमेरिकेत आला. पण दारोदार फिरून मृतांसाठी प्रार्थना करायची आणि बदल्यात केक घ्यायचा ही इंग्लंडची ख्रिश्चन चाल, तिला केल्टिक म्हणणं मला पटत नाही.

रानवारा:
बरं, मृतांचा भाग चर्चचा, एवढं मागे घेतो. गुरं, हिवाळा आणि ती गुहा मात्र सोडणार नाही.