परदेश दौऱ्यासाठीच्या निवासी निवड शिबिराला मुलीला पाठवताना तिची तयारी कशी करून घ्यावी?

धरमपेठकर आई

नमस्कार. माझी मुलगी नववीत आहे आणि पाचवीपासून शाळेच्या (स्काउट-गाईड चळवळीतील) गाईड पथकात आहे. येत्या उन्हाळ्यात काही मुलींना युरोपातील एका आंतरराष्ट्रीय शिबिराला नेण्याचे ठरले असून, त्यासाठी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रामटेकजवळ निवासी निवड शिबिर होणार आहे. शुक्रवारी संध्याकाळी मुलींना पोहोचवायचे आणि रविवारी दुपारच्या जेवणानंतर परत आणायचे. तेवीस मुली येणार आहेत आणि जागा सहा आहेत. आमच्याकडे आलेल्या पत्रकात सोबत आणायच्या वस्तूंची यादी आहे, मोबाइल आणू नये अशी सूचना आहे आणि ‘मुलींचे निरीक्षण केले जाईल’ एवढे एक वाक्य आहे. नेमके कशाचे निरीक्षण होणार, हे त्यात कुठेही लिहिलेले नाही.

माझी काळजी अशी की मुलगी अबोल आहे. घरी ती पुष्कळ बोलते, परंतु अनोळखी मुलींमध्ये पहिला दिवसभर तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. तिच्या वर्गातील एक मैत्रीणही जाणार आहे. त्या मुलीच्या आईने तिला संभाषणाच्या शिकवणीला घातले आहे आणि मुलाखतीत विचारले जातील अशा प्रश्नांची उत्तरे लिहून पाठ करून घेतली आहेत. मीही तसेच करावे का, की त्याने मुलीवर उगाच ताण येईल, हे मला ठरवता येत नाही. सासूबाईंचा तर जाण्यालाच विरोध आहे. ‘दोन रात्री रानात, थंडीत, आणि तेही निवड होईल की नाही याची खात्री नसताना कशाला?’ असे त्या म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे आहे असे मला म्हणवत नाही. निवड झाली नाही तर मुलगी ते कसे घेईल, याचीही धास्ती आहे.

ज्यांच्या मुली अशा शिबिराला जाऊन आल्या आहेत, किंवा ज्यांनी स्वतः अशी निवड केली आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त गाईड कॅप्टन

ताई, मी सव्वीस वर्षे शाळेत शिकवले आणि त्यातील बराच काळ गाईड पथक सांभाळले. निवड शिबिरांत निरीक्षक म्हणून पाच वेळा बसले आहे, म्हणून अनुभवाने सांगते.

अशी निवड एका तासाच्या मुलाखतीने न करता दोन रात्री मुक्कामी ठेवून का करतात, हे एकदा लक्षात आले की तुमच्या बहुतेक शंका आपोआप मिटतील. एक तास कोणतीही हुशार मुलगी उत्तम वागू शकते. परंतु शनिवारी रात्री, दिवसभर चालून पाय दुखत असताना, तंबूत शेजारची मुलगी अंथरुणाची जागा अडवून बसलेली असताना आणि सकाळी साडेपाचला उठायचे असताना मुलगी कशी वागते, ते पाठ करून येत नाही. परदेशात दोन-तीन आठवडे याच सहा मुली एकमेकींसोबत राहणार असतात. तिथे रुसवाफुगवी झाली किंवा एखादी आजारी पडली, तर आईला बोलावण्याची सोय नसते. म्हणून आम्ही पाहतो ते इतकेच, की ही मुलगी थकल्यावरही दुसरीला सोबत घेऊन चालते का.

एक प्रसंग सांगते. एका शिबिरात मुलींचे चार गट केले होते आणि प्रत्येक गटाला तांदूळ, डाळ, बटाटे, तेल-तिखट आणि तीन विटांची चूल देऊन रात्रीचा स्वयंपाक करायला सांगितला होता. दवाने लाकडे ओली झालेली, धूर डोळ्यांत जाणारा. एका गटात परिचयाच्या वेळी सर्वांवर छाप पाडणारी एक मुलगी होती. तिने कामे भराभर वाटून दिली, पण ती स्वतः चुलीजवळ फारशी फिरकली नाही. भाताकडे ज्या मुलीला बसवले होते ती जाळ सारण्यात गुंतली आणि भात खाली लागला. वास सुटला तशी ती रडवेली झाली. तेव्हा त्या गटातील एक मुलगी, जिचा आवाजही आम्ही संध्याकाळपर्यंत ऐकला नव्हता, तिने पातेले खाली उतरवले, वरचा चांगला भात न ढवळता दुसऱ्या भांड्यात काढला आणि तिला म्हणाली, ‘तू बटाटे बघ, हे मी बघते.’ जेवताना आमच्यापैकी एकीने मुद्दाम विचारले, की भात कोणी लावला? ती मुलगी मान वर करून म्हणाली, ‘आमचा भात लागला, बाई.’ त्या ‘आमचा’ या शब्दाखाली मी माझ्या वहीत दोन रेघा ओढल्या होत्या. तिची निवड झाली.

तेव्हा अबोल असणे हा दोष समजू नका. मात्र एक फरक तुमच्या मुलीला समजावून सांगा. कमी बोलणे वेगळे आणि अंग चोरणे वेगळे. अबोल मुलगी कामाला पुढे होत असेल, दुसरी बोलताना तिच्याकडे पाहून ऐकत असेल, तर ती आम्हाला दिसते. पण ती कोपऱ्यात बसून राहिली आणि सांगितल्याशिवाय उठलीच नाही, तर तिच्या मनात कितीही चांगले असले तरी आम्हाला ते कळण्याचा मार्ग नसतो. गटात काही ठरत असताना निदान एकदा तरी स्वतःचे मत तिने मांडावे, ते मान्य झाले नाही तरी चालेल. किंबहुना मत मान्य न झाल्यावर मुलगी कशी वागते हेही आम्ही बघतो.

पाठ केलेली उत्तरे ओळखू येतात. दहा मुलींनी ‘मला जागतिक भगिनीभाव वाढवायचा आहे’ असे म्हटल्यावर अकरावीने ‘मला बर्फ बघायचा आहे आणि तिकडच्या मुली सुट्टीत काय करतात ते विचारायचे आहे’ असे म्हटले, तर मी अकराव्या मुलीचे ऐकते.

तयारी करायचीच तर पुढचे तीन आठवडे घरी करा. रोज सकाळी तिचे अंथरूण-पांघरूण तिने स्वतः घडी करून ठेवावे. आठवड्यातून दोनदा एक वेळचा साधा स्वयंपाक तिच्या हाती द्यावा आणि तुम्ही ओट्याजवळ उभे राहू नये. शिबिराची पिशवी तिनेच भरावी, तुम्ही केवळ यादीवरून नजर फिरवा. मी अशा मुली पाहिल्या आहेत, ज्यांना आपला टॉवेल पिशवीच्या कोणत्या कप्प्यात आहे हे माहीत नव्हते, कारण ती पिशवी आईने भरली होती. अंधारात, विजेरीच्या उजेडात सगळे सामान उपसून बसलेली मुलगी सकाळच्या प्रार्थनेला उशिरा येते आणि मग दिवसभर खट्टू राहते.

सासूबाईंची थंडीची काळजी मात्र अगदी रास्त आहे. डिसेंबरात आपल्याकडे रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास किंवा त्याखालीही उतरतो आणि रामटेकच्या बाजूला तलावाजवळ तो अधिक बोचतो. कानटोपी, जाड मोजे, दोन स्वेटर आणि जमिनीवर अंथरायला जाड सतरंजी द्या. थंडी पांघरुणातून कमी आणि खालून जास्त येते.

इतवारीची नात

काकू, मी या शिबिराला दोनदा गेले. पहिल्या वेळी माझी निवड झाली नाही, दुसऱ्या वेळी झाली. आता मी महाविद्यालयात आहे.

पहिल्या वेळी मी तुमच्या मुलीच्या मैत्रिणीसारखीच तयारी करून गेले होते. मुलाखतीत मला सांगण्यात आले, की भारत नकाशावर कुठे आहे हेही ज्या मुलीला माहीत नाही, तिला तुझ्या शहराबद्दल काहीतरी सांग. मी संत्री, झिरो माइलचा दगड, दीक्षाभूमी, विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन असे सगळे एका दमात म्हणून दाखवले. बाईंनी विचारले, ‘यातले तुझे आवडते कोणते?’ आणि मला उत्तर सुचले नाही, कारण मी ती यादी आवडीने केलीच नव्हती.

निवड न झाल्याचे पत्र आले त्या दिवशी मी खूप रडले, हे खरे सांगते. आईने त्या दिवशी मला समजावले नाही. ती नुसती जवळ बसली आणि दोन दिवसांनी तिने विचारले, की तिथे तुला काय आवडले? मी तिला रात्रीच्या शेकोटीबद्दल आणि गडचिरोलीहून आलेल्या एका मुलीबद्दल अर्धा तास सांगत होते. ती मुलगी आजही माझी मैत्रीण आहे. तुमच्या मुलीची निवड झाली नाही, तर पहिल्या दिवशी ‘जाऊ दे, पुढच्या वर्षी होईल’ असे कृपया म्हणू नका. पुढच्या वर्षाचे त्या दिवशी ऐकवत नाही.

दुसऱ्या वेळी जवळजवळ तोच प्रश्न आला आणि मी मारबतीबद्दल सांगितले. माझे आजोळ नागपूरच्या इतवारीत आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सगळी भावंडे आजीच्या गच्चीवर गोळा होतो आणि खालून काळी मारबत, पिवळी मारबत, बडगे हे मोठे पुतळे मिरवणुकीने जाताना बघतो. ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ हा पुकारा गल्लीत घुमतो तेव्हा आजी हात जोडते आणि त्या वर्षी घरात जे कोणी आजारी असेल त्याचे नाव हळूच घेते. मी तेवढेच सांगितले. बाईंनी पुढे चार प्रश्न विचारले आणि मला एकाही उत्तराचा विचार करावा लागला नाही. एवढेच सांगायचे आहे, की तुमच्या मुलीने जे स्वतः पाहिले आहे ते तिला बोलू द्या.

आमचा गट स्वित्झर्लंडमधील अडेलबोडन या गावी ‘अवर शॅले’ येथे राहिला. गाईड चळवळीचे हे पहिले जागतिक केंद्र १९३२ मध्ये सुरू झाले. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे आणि आपले नागपूर जेमतेम तीनशे मीटरवर. पहिल्या दिवशी चढणीवर आमच्यातल्या एकीला धाप लागली, तेव्हा तिची पाण्याची बाटली आणि रेनकोट आम्ही न बोलता वाटून घेतले. तिथे भांडी घासणे, खोली झाडणे हेही पाळीपाळीने सगळ्यांनी केले. तेव्हा मला कळले, की रामटेकला आमच्याकडून काय करून घेतले होते.

पारपत्राची चौकशी केलेला बाबा

ताई, शिबिराबद्दल वर सर्व आलेच आहे, म्हणून मी केवळ कागदपत्रांबद्दल लिहितो. मुलीचे पारपत्र नसेल तर निवडीच्या निकालाची वाट न पाहता आताच अर्ज करा. अठरा वर्षांखालील मुलांचे पारपत्र पाच वर्षांसाठी किंवा अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत वैध असते. पंधरा ते अठरा वयाच्या अर्जदारांना दहा वर्षांच्या वैधतेचा पर्यायही मिळतो. तुमची मुलगी पंधरा पूर्ण होण्याच्या बेतात असेल, तर तारीख पाहून अर्ज करणे फायद्याचे ठरेल. अर्जासोबत आई आणि वडील दोघांच्याही सहीचे संमतीपत्र लागते. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला यांवरील नावाचे आणि आडनावाचे स्पेलिंग आजच ताडून पाहा. आमच्याकडे एका अक्षराच्या फरकामुळे दीड महिना गेला.

शेंगेन देशांच्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या) व्हिसासाठी किमान तीस हजार युरो संरक्षणाचा प्रवास विमा लागतो आणि परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने पारपत्र वैध असावे लागते. खर्चाचा आकडा आयोजकांकडून लेखी मागा. त्यात विमा, व्हिसा शुल्क आणि नागपूर ते मुंबई किंवा दिल्ली हा प्रवास धरला आहे का, हे स्पष्ट विचारा. निवड झाल्यावर पैशांअभावी मुलीला माघार घ्यायला लावणे हे निवड न होण्यापेक्षा फार वाईट असते. ते एका ओळखीच्या घरात मी पाहिले आहे.

धरमपेठकर आई

आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिले, याबद्दल मनापासून आभार. कॅप्टनबाईंचा भाताचा प्रसंग मी काल रात्री सासूबाईंना वाचून दाखवला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, की सतरंजी माझ्या पेटीतली जाड आहे, ती दे. शिकवणीचा विचार आम्ही सोडला आहे. रविवारी वरण-भात आणि सांबारवडी मुलगी करणार आहे आणि मी त्या वेळी स्वयंपाकघरात जाणार नाही.

एकच शंका उरली आहे, आणि ती संकोचाने विचारते. शिबिराच्या तारखा तिच्या पाळीच्या दिवसांतच येत आहेत. पोटात फार दुखते म्हणून डॉक्टरांनी गोळी दिलेली आहे. हे आधी कळवले तर निवडीत तिच्या विरुद्ध जाईल का?

निवृत्त गाईड कॅप्टन

संकोच करू नका, ताई. तेवीस मुलींत त्या दोन दिवसांत पाळी आलेल्या चार-पाच जणी असतातच. आरोग्याच्या अर्जात गोळीचे नाव, ती केव्हा घ्यायची ते आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत असे सर्व लिहून द्या. त्यामुळे निवडीत काही बिघडत नाही. उलट लपवले आणि शनिवारी टेकडी चढताना मुलगी मटकन खाली बसली, तर आम्हाला कारण कळत नाही. पॅड नेहमीपेक्षा दुप्पट द्या, वापरलेले गुंडाळायला जुनी वर्तमानपत्रे आणि एक गडद रंगाची पिशवी द्या. शुक्रवारी पोहोचल्यावर, तुम्ही निघण्यापूर्वी, शिबिरप्रमुख बाईंकडे तिला घेऊन जा. तिथे तुम्ही बोलू नका, तिलाच सांगू द्या.