वायरलेस गेमिंग हेडसेट अजिबात चालू होत नाही. दुरुस्ती करावी की नवीन घ्यावा?

सागरवेळ

नमस्कार. माझ्या मुलाच्या वायरलेस गेमिंग हेडसेटबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे. हेडसेट सुमारे अडीच वर्षांपूर्वी घेतलेला असून त्याची वॉरंटी संपलेली आहे. बारावीचे वर्ष सुरू झाले तेव्हा आम्ही तो कपाटात ठेवून दिला आणि परीक्षा संपल्यावर बाहेर काढला, तेव्हापासून तो पूर्णपणे निपचित आहे. बटण कितीही वेळ दाबले तरी दिवा लागत नाही की सूचनेचा आवाज येत नाही, आणि मोबाइलच्या चार्जरला रात्रभर लावून ठेवला तरी चार्जिंगचा लाल दिवासुद्धा दिसत नाही. मात्र त्याचा यूएसबी डाँगल (हेडसेटशी बिनतारी जोडणी करणारा छोटा तुकडा) संगणकाला लावला की लुकलुकतो आणि ध्वनी उपकरणांच्या यादीत हेडसेटचे नावही दिसते, त्यामुळे नेमके काय बिघडले असावे याचा अंदाज येत नाही. हेडसेटसोबत आलेली मूळ केबल हरवली आहे.

ग्राहक सेवा केंद्राने हेडसेट रीसेट करून पाहण्यास सांगितले आणि त्यापुढे, सुटे भाग मिळत नसल्यामुळे नवीन घ्यावा, असे कळवले. आम्ही रत्नागिरीला राहतो. येथील दमट हवेत कपाटात राहिल्याने तो गेला असेल का, घरी काय तपासता येईल, आणि दुरुस्तीला देणे परवडेल की नवीनच घ्यावा, हे कृपया सांगावे.

तारायंत्र

डाँगल लुकलुकतो यावरून हेडसेटबद्दल काहीच निष्कर्ष काढता येत नाही. संगणकाच्या दृष्टीने डाँगल हेच ध्वनी उपकरण असते, त्यामुळे हेडसेट दुसऱ्या गावाला असला तरी यादीत त्याचे नाव दिसणारच. लुकलुकणे म्हणजे तो आपल्या जोडीदाराला शोधतो आहे, एवढेच.

माझा पहिला प्रश्न केबलबद्दल आहे. मोबाइलच्या ज्या चार्जरला आपण हेडसेट लावला, त्याच्या केबलची दोन्ही टोके टाइप-सीची आहेत का? तसे असेल तर हेडसेटपर्यंत वीज पोहोचलेलीच नसण्याची दाट शक्यता आहे. टाइप-सीच्या पद्धतीत चार्जर आपणहून ५ व्होल्ट देत नाही. समोरच्या उपकरणातील ५.१ किलोओहमचे रेझिस्टर (विजेला ठरावीक रोध करणारे छोटे भाग) त्याला जाणवले, तरच तो वीजपुरवठा सुरू करतो. असे दोन रेझिस्टर उपकरणात असणे अपेक्षित असते, परंतु काही उत्पादक तेवढी बचत करतात आणि सोबत एका टोकाला जुन्या पद्धतीचे आयताकृती यूएसबी असलेली केबल देऊन मोकळे होतात. त्या आयताकृती सॉकेटमध्ये ५ व्होल्ट कायमच असतात, त्यामुळे मूळ केबल असेपर्यंत काहीच लक्षात येत नाही. क्वचित दोनपैकी एकच रेझिस्टर बसवलेला असतो, आणि मग तीच पिन उलटी फिरवून लावली की चार्जिंग सुरू होते.

तेव्हा संगणकाच्या मागच्या बाजूचे आयताकृती सॉकेट किंवा जुना ५ व्होल्टचा साधा चार्जर घ्यावा आणि आयताकृती-ते-टाइप-सी अशी केबल वापरून पाहावे. ती केबल आधी मोबाइलला लावून चालते याची खात्री करून घ्यावी.

सागरवेळ

होय, दोन्ही टोके टाइप-सीचीच आहेत. आज आयताकृती टोकाची केबल मिळवून संगणकाला लावली. अर्धा तास झाला तरी दिवा लागलेला नाही.

घाटमाथा

अर्ध्या तासात निराश होऊ नये, कारण अनेक महिने पडून राहिलेल्या लिथियम सेलच्या, म्हणजे हेडसेटमधील बॅटरीच्या, बाबतीत असे होणे स्वाभाविक आहे. पूर्ण भरलेल्या सेलचा विद्युतदाब ४.२ व्होल्ट असतो आणि तो साधारण २.५ ते ३ व्होल्टच्या दरम्यान उतरला की सेलवरचे छोटे संरक्षक सर्किट पुरवठा तोडून टाकते. बंद असलेल्या हेडसेटचे सर्किटही थोडी थोडी वीज खातच असते, आणि हेडसेट ठेवताना त्यात किती चार्ज शिल्लक होता याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. अशा खोल उतरलेल्या सेलला चार्जिंगची चिप एकदम पूर्ण प्रवाह देत नाही. तो साधारण ३ व्होल्टपर्यंत चढेपर्यंत नेहमीच्या सुमारे एक दशांश प्रवाहानेच त्याला भरते. या अवस्थेत कित्येक हेडसेटचा दिवा लागतच नाही. त्यामुळे तो किमान दोन-तीन तास तसाच लावून ठेवावा, मात्र कोणी तरी घरात जागे असताना.

अंदाजाने वाट पाहण्यापेक्षा एक यूएसबी टेस्टर विकत घ्यावा, असे मी सुचवेन. आगपेटीपेक्षाही लहान अशी ही वस्तू केबल आणि सॉकेट यांच्या मध्ये लावली की व्होल्ट आणि अँपिअर दाखवते. आकडा ०.०० वर स्थिर राहिला तर वीज आत जातच नाही, म्हणजे दोष केबल, टाइप-सी सॉकेट किंवा बोर्ड (आतील मुख्य सर्किट) यांपैकी कोठे तरी आहे. ०.०३ ते ०.०६ च्या आसपास असेल तर सेल वर सांगितल्याप्रमाणे हळूहळू भरला जात आहे. ०.३ च्या वर असेल आणि तरीही हेडसेट मृतवत असेल, तर चार्जिंग ठीक असून बटण, बोर्ड किंवा त्यातील सॉफ्टवेअर यांच्याकडे संशय वळवावा. हेडसेट दुरुस्तीला द्यायचा झाला तरी हा आकडा माहीत असलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार उगाच बोर्ड बदलायला सांगत नाही.

रत्नागिरीच्या हवेबद्दल आपली शंका रास्त आहे. टाइप-सी सॉकेटच्या आत टॉर्च धरून पाहावे. मधल्या पातळ जिभेवरच्या पट्ट्या चकचकीत सोनेरी दिसायला हव्यात. त्यांवर हिरवट किंवा काळपट थर असेल, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या मऊ ब्रशने तो अलगद काढावा आणि पूर्ण सुकल्यावरच केबल लावावी. सुई किंवा टाचणी आत घालू नये.

नवखा_गेमर

माझी भर थोडीशीच आहे. काही हेडसेटमध्ये ३.५ मिमीची वायर लावलेली असताना वायरलेस भाग मुद्दाम बंद राहतो, म्हणून ती काढून पाहावी. चार्जिंगची केबल लावलेली असताना चालूच न होणारे हेडसेटही असतात. रीसेटसाठी केबल लावून पॉवरचे बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरावे आणि नंतर केबल काढून पुन्हा तसेच करावे. मात्र सेलमध्ये थोडा तरी चार्ज गेल्याशिवाय रीसेटचा उपयोग होत नाही, आणि ग्राहक सेवा केंद्राच्या सूचनांमध्ये नेमके हेच वाक्य गाळलेले असते. शेवटचा वापर फर्मवेअर (हेडसेटच्या आतले सॉफ्टवेअर) अद्ययावत करताना मध्येच थांबला होता का, हेही आठवून पाहावे, कारण तसे असल्यास उत्पादकाच्या सॉफ्टवेअरमधून केबलद्वारे पुन्हा फर्मवेअर भरता येते का ते पाहावे लागेल.

सागरवेळ

सर्वांचे आभार. टेस्टर आणला. सुरुवातीला ०.०५ असा आकडा दिसत होता, तासाभराने तो एकदम ०.४६ वर गेला आणि त्याच क्षणी लाल दिवा लागला. पूर्ण चार्ज झाल्यावर हेडसेट चालू झाला, डाँगलशीही लगेच जोडला गेला आणि आवाज उत्तम येतो. अडचण अशी आहे की, पूर्वी जो दोन दिवस सहज चालत असे, तो आता अर्ध्या-पाऊण तासात कोणतीही सूचना न देता बंद पडतो. फर्मवेअर आम्ही कधीच बदललेले नाही. आता पुढे काय करावे?

बुधवारपेठकर

आपला बोर्ड शाबूत आहे, ही चांगली बातमी समजावी. खोल उतरलेल्या अवस्थेत अनेक महिने राहिल्यामुळे सेलची क्षमता गेली आहे आणि तो बदलणे हाच उपाय आहे. तत्पूर्वी एक गोष्ट तपासावी. अनेक हेडसेटमध्ये बोर्ड एका कानाच्या कपात आणि सेल दुसऱ्या कपात असतो, आणि त्यांना जोडणाऱ्या केसासारख्या तारा डोक्यावरच्या पट्टीतून जातात. पट्टी लांब-आखूड करताना किंवा कप फिरवताना हेडसेट बंद पडत असेल, तर सेलऐवजी त्या तारेवर संशय घ्यावा. टेबलावर स्थिर ठेवलेला असतानाही तो तेवढ्याच वेळात बंद पडत असेल, तर मात्र दोष सेलचाच आहे.

सेल बदलण्यासाठी कानाची गादी काढावी लागते. ती बहुतेक वेळा खाचेत अडकवलेली असते किंवा थोडी फिरवली की सुटते. तिच्याखाली तीन-चार स्क्रू दिसतात, आणि त्यांपैकी एखादा स्टिकरखाली लपवलेला असतो. सर्व स्क्रू काढूनही कप उघडत नसेल तर जोर करू नये, राहिलेला स्क्रू शोधावा. आत चंदेरी रंगाचा चपटा पाऊच सेल असतो आणि त्यावर बहुधा सहा आकडे छापलेले असतात. उदाहरणार्थ, ५०३४५० असे असेल तर जाडी ५.० मिमी, रुंदी ३४ मिमी आणि लांबी ५० मिमी असा त्याचा अर्थ होतो. नवीन सेल याच मापाचा आणि ३.७ व्होल्टचाच घ्यावा, त्यावर संरक्षक सर्किट बसवलेले आहे हे पाहावे, आणि जेवढा छापील एमएएच (क्षमतेचा) आकडा मोठा तेवढा सेल चांगला, असे समजू नये. त्याच मापाच्या सेलवर दुप्पट आकडा छापलेला असेल तर तो आकडा खोटा आहे.

तारा किती आहेत हे अवश्य मोजावे. दोन तारा असतील तर काम सरळ आहे. तीन असतील तर तिसरी सहसा तापमान मोजणाऱ्या थर्मिस्टरची असते, आणि ती न जोडल्यास हेडसेट चार्ज होण्यास नकार देऊ शकतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पिन तंतोतंत बसली तरी तिच्यातील धन आणि ऋण तारांचा क्रम वेगवेगळ्या विक्रेत्यांच्या सेलमध्ये उलटा असू शकतो. मल्टीमीटरने तपासल्याशिवाय ती बोर्डला लावू नये. आता शाबूत असलेला बोर्ड त्या एका क्षणात जाईल.

हे सर्व घरी करण्याची सवय नसेल तर मोबाइल दुरुस्त करणाऱ्याला सेल बदलून मागावा, हेडसेट दुरुस्त करून मागू नये. नेमके काम सांगितले की बहुतेक जण तयार होतात. रत्नागिरीत सेल न मिळाल्यास पुण्यातील तपकीर गल्ली किंवा मुंबईतील लॅमिंग्टन रोड येथे जुना सेल किंवा त्याचा स्पष्ट फोटो घेऊन जावे. खर्च काही शे रुपयांत आटोपावा. चांगल्या वायरलेस हेडसेटच्या किमतीपुढे तो नगण्य आहे, म्हणून आपल्या तिसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्टपणे दुरुस्तीच्या बाजूने आहे.

नवखा_गेमर

सेल बदलण्याऐवजी त्याला बाहेरून थेट ४.२ व्होल्ट देऊन तो पुन्हा जिवंत करता येतो, असे काही व्हिडिओंमध्ये दाखवतात. तो मार्ग स्वस्त पडणार नाही का?

तारायंत्र

कृपया त्या मार्गाला जाऊ नये. सेलचा दाब सुमारे २ व्होल्टच्या खाली बराच काळ राहिला की ऋण बाजूच्या तांब्याच्या पत्र्यातील तांबे विरघळू लागते, आणि पुन्हा चार्ज करताना ते भलत्याच जागी साचून सेलमध्ये आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. चार्जिंगची चिप सावकाश चालते ती याच कारणाने, आणि व्हिडिओतील युक्ती नेमकी तिलाच बगल देते. शिवाय येथे सेल जिवंत होण्याचा प्रश्नच उरलेला नाही. तो जिवंत होऊनही क्षमता परत आलेली नाही, आणि बाहेरून वीज देऊन ती येणारही नाही. कानाला लावण्याच्या वस्तूत असा सेल ठेवू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. सेल किंचितही फुगलेला आढळला तर चार्जिंग ताबडतोब थांबवावे आणि तो काढताना लोखंडी पट्टीने उचकटू नये.

घाटमाथा

सागरवेळ, पुढेमागे नवीन हेडसेट घेण्याची वेळ आलीच, तर ड्रायव्हरचा (आतल्या स्पीकरचा) आकार आणि रंगीत दिवे यांच्या आधी दोन गोष्टी पाहाव्यात. सेल संपल्यावरही ३.५ मिमीच्या वायरवर तो चालतो का, ही पहिली गोष्ट. दुसरी म्हणजे सेल वापरणाऱ्याला स्वतः बदलता येतो का. असे हेडसेट थोडे आहेत, पण आहेत. स्टीलसीरिजच्या आर्क्टिस नोव्हा प्रो वायरलेसमध्ये दोन सेल मिळतात आणि एक वापरात असताना दुसरा चार्ज होत राहतो, अर्थात त्याची किंमतही तशीच भारी आहे. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरीविषयक नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक उपकरणांतील लहान बॅटऱ्या वापरणाऱ्याला काढता आणि बदलता येतील अशा असाव्या लागतील. तीच मॉडेले आपल्याकडेही येतील अशी आशा बाळगायला हरकत नाही, त्यामुळे निकड नसेल तर थोडे थांबणे फायद्याचे ठरू शकते.

सागरवेळ

टेबलावर ठेवूनही हेडसेट तेवढ्याच वेळात बंद पडतो, तेव्हा सेल बदलण्याचे निश्चित केले आहे. येथील एक मोबाइल दुरुस्तीवाले तयार झाले असून सेलला तीन तारा आहेत असे त्यांनी उघडून सांगितले. जुन्या सेलचे काय करावे?

बुधवारपेठकर

तीन तारा आहेत, तर नवीन सेलही थर्मिस्टरसह तीन तारांचाच मागवावा; न मिळाल्यास जुन्या सेलवरील थर्मिस्टर काढून नव्यावर बसवता येतो का, हे त्यांना विचारावे. जुन्या सेलच्या तारा एकत्र कापू नयेत, एकेक करून कापाव्यात आणि प्रत्येक टोकाला लगेच चिकटपट्टी लावावी. तो घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलन केंद्रात द्यावा. नवीन सेल बसवल्यावर पहिले चार्जिंग दुकानातच, कप पूर्ण बंद करण्याआधी आणि टेस्टर लावून करून घ्यावे. सेल कोमट झाला तर चालेल. हाताला चटका बसण्याइतका तापला तर तो तेथेच परत करावा.