माया संस्कृतीच्या अवशेषांमधले पक्षी – तुमचे अनुभव सांगा

आज सकाळी उंबरावर तांबट टुकटुक करत होता आणि मला एकदम टिकाल आठवलं. ग्वाटेमालातलं जुनं माया शहर. तांबटाचा लांबचा भाऊबंद म्हणजे टूकन, एवढी केळ्यासारखी रंगीत चोच आणि आवाज मात्र बेडकाचा! टेंपल ४ च्या लाकडी जिन्याने धापा टाकत वर गेलो, जवळपास ६५ मीटर उंच आहे ते, खाली नुसतं हिरवं जंगल, त्यातून देवळांचे दगडी शेंडे वर आलेले, आणि टूकन चक्क आपल्या पायाखालून उडत जातात. मान वर न करता पक्षी बघायची ती पहिलीच वेळ. तुम्ही कोणी गेलायत का? लिहा.

– टिकालला पहाटे गेलो होतो. अंधारात असली डरकाळी आली की हे म्हणाले जग्वार, चल मागे. हाउलर माकडं निघाली 😂 पक्षी नंतर बघितले, आधी गुडघे.

– आम्ही ह्यूस्टनहून मेक्सिकोतलं चिचेन इत्झा केलं. पिरॅमिडसमोर टाळी वाजवली की चिर्रर्र असा प्रतिध्वनी येतो, गाइड म्हणतो हा क्वेट्झल पक्षी. खरा क्वेट्झल तिथे नसतोच, तो डोंगरातल्या धुक्याच्या जंगलात. पण सगळे टाळ्या पिटतायत, सासूबाई म्हणाल्या आरती कुठे चाललीये. हल्ली वर चढू देत नाहीत, एका बाजूला ९१ पायऱ्या, बरंच झालं.

– ताई, मग मॉटमॉट नाही बघितला?? युकातानमध्ये, म्हणजे चिचेन इत्झाच्याच भागात, त्याला तोह म्हणतात. सेनोटेच्या, म्हणजे त्या खोल पाण्याच्या कुंडांच्या, भिंतीत बीळ करतो. आपल्या पल्लवपुच्छ कोतवालासारख्या शेपटीला दोन पाती, ती घड्याळाच्या लंबकासारखी हलवत बसतो. मी सेनोटेत पोहायचं सोडून तेच बघत बसले, पोरं चिडली.

– दुर्बीण कुठली घ्यावी? बजेट कमी आहे.

– ८×४२ घे, हलकी बघ. विषय वेगळाय पण 😀

– टिकालला ते डोळेवाले टर्की! निळं डोकं, त्यावर नारिंगी फोड, शेपटीवर मोरासारखे डोळे. शिकार बंद असल्याने बिनधास्त फिरतात. आमच्या डब्यातल्या दशम्यांकडे असा बघत होता की मीच लाजले. दिली नाही पण, देऊ नये. आणि ओरोपेंडोला पक्ष्याची लांब लोंबती घरटी, सुगरणीची आठवण झाली, फक्त सुगरण ओरडताना फांदीवरून उलटी होत नाही.

– कोपानला (होंडुरास) लाल मकाव, मोठे पोपट. बॉलकोर्टवर (माया लोकांचं चेंडूच्या खेळाचं मैदान) दगडात कोरलेली मकावची डोकी आणि वर झाडात जिवंत मकाव केकाटतायत, मी आळीपाळीने दोन्हीकडे बघत राहिलो, फोटो एकही धड नाही.

– फोटो टाका की तेच, हललेले चालतील

– जुना फोन पाण्यात पडला हो.

– धागाकर्त्या ताई, तुमच्याकडे उंबर आहे अजून? आमच्या सोसायटीने तोडला, पार्किंगसाठी. तांबट येत नाही आता.

– अगोबाई. आमच्याकडे या मग चहाला, सकाळी ७ च्या आत.