डीडीआर५ रॅम: ओव्हरक्लॉक करणार असेन तर १.२५ व्होल्टची किट घ्यावी की १.३५ व्होल्टची?

कोरा_बोर्ड

रायझन ७ ७७००एक्स, बी६५० चिपसेटचा चार स्लॉटवाला बोर्ड आणि दोन टॉवरचा एअर कूलर एवढं ठरलं आहे. पीबीओ (एएमडीचं स्वयंचलित ओव्हरक्लॉकिंग) चालू करून कर्व्ह ऑप्टिमायझर (कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करणारी सेटिंग) उणे २० च्या आसपास ठेवायचा विचार आहे. अडलंय ते रॅमपाशी. १६ जीबीच्या दोन स्टिक घ्यायच्या आहेत आणि समोर तीन किट आहेत (पहिला आकडा वेगाचा; सीएल म्हणजे मागणी केल्यावर डेटा यायला लागणारी घड्याळाची आवर्तनं):

५६०० सीएल४६, १.१ व्होल्ट
५६०० सीएल३६, १.२५ व्होल्ट
६००० सीएल३०, १.३५ व्होल्ट

कमी व्होल्टेजची रॅम घेतली तर प्रोसेसरच्या ओव्हरक्लॉकला जास्त वाव मिळतो का? १.२५ वाली किट हाताने सेटिंग करून ६००० वर चालेल का? पुढे आणखी दोन स्टिक टाकून ६४ जीबी करायचं झालं तर आत्ता काय घेतलेलं बरं?

फॅब्रिक_२०००

रॅमच्या व्होल्टेजचा आणि प्रोसेसरला मिळणाऱ्या वावाचा थेट संबंध जवळपास नाही. डीडीआर५ मध्ये व्होल्टेज तयार करणारी पीएमआयसी चिप स्टिकवरच असते, बोर्ड तिला फक्त ५ व्होल्ट देतो. त्यामुळे रॅम खाते ती वीज प्रोसेसरच्या पीपीटीत (एकूण विजेच्या मर्यादेत) धरली जात नाही.

व्हीएसओसीचं (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाला मिळणाऱ्या व्होल्टेजचं) मात्र तसं नाही. ७७००एक्सची पीपीटी १४२ वॅट आहे आणि त्यात कोअरबरोबर मेमरी कंट्रोलर व इन्फिनिटी फॅब्रिक (प्रोसेसरच्या आतले भाग जोडणारी वाट) यांचाही वाटा असतो. एक्स्पो प्रोफाइल (किटचा लेबलवरचा वेग, टायमिंग आणि व्होल्टेज लावणारी तयार सेटिंग) लावलं की बरेच बोर्ड व्हीएसओसी आपणहून १.२५ ते १.३ व्होल्टपर्यंत चढवतात. सगळे कोअर भाराखाली असताना तिथे जास्तीचे गेलेले वॅट कोअरच्या वाट्यातून वजा होतात. म्हणून किटच्या लेबलपेक्षा बायोसमधला हा आकडा आधी बघा. काही एएम५ सॉकेटचे प्रोसेसर जळाल्यावर एएमडीने २०२३ मध्ये व्हीएसओसीला १.३ व्होल्टची मर्यादा घातली. तुमच्या बोर्डचा बायोस त्यानंतरचाच हवा.

आता किट. सीएलला २००० ने गुणून रॅमच्या वेगाने भागलं की नॅनोसेकंद मिळतात: ५६०० सीएल४६ म्हणजे १६.४, ५६०० सीएल३६ म्हणजे १२.९, ६००० सीएल३० म्हणजे १०. लेबलवरचं १.३५ हे या शेवटच्या वेगासाठी आणि टायमिंगसाठी आहे. एक्स्पो बंद असेल तर तीच किट साधारण ४८०० वर, १.१ व्होल्टवरच सुरू होते. म्हणजे १.३५ वाली किट खाली आणता येते, पण १.१ वाली वर जाईलच असं नाही.

१.२५ वाली ६००० वर जाईल का, हे आतल्या चिपवर ठरतं. हायनिक्स कंपनीची एम-डाय किंवा ए-डाय चिप असेल तर सीएल३६ ला सहसा जाते. सुरुवातीच्या मायक्रॉन चिप ५६०० च्या पुढे फारशा खेचत नाहीत. एकाच मॉडेल क्रमांकाखाली चिप बदलत राहतात, त्यामुळे पाकिटावरून खात्री होत नाही. ६००० सीएल३० च्या किटमध्ये मात्र जवळजवळ नेहमी हायनिक्सच निघते. माझं मत स्पष्ट आहे: तिसरी किट घ्या आणि व्होल्टेज स्वतः उतरवा.

तापमापी

वरच्या मताशी सहमत, फक्त उष्णतेचा मुद्दा सोडू नका. वेग तोच ठेवला तर वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.२५ वरून १.३५ म्हणजे साधारण १७ टक्के जास्त. स्टिकमागे हे मोजकेच वॅट असतात, पण दोन टॉवरच्या कूलरखाली हवा फिरत नाही आणि ग्राफिक्स कार्डची गरम हवा तिथेच चढते. डीडीआर५ स्टिकवरच्या एसपीडी हब चिपमध्ये तापमानाचा सेन्सर असतो, एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्रॅम तो दाखवतो. टायमिंग घट्ट केल्या असतील तर ५५ अंशांच्या आसपास चुका दिसू लागतात. विशेषतः टीआरईएफआय (दोन रिफ्रेशमधलं अंतर) वाढवला असेल तेव्हा, कारण रिफ्रेश लांबवला की तापलेल्या सेलमधला भार तोवर टिकत नाही. ६००० वर मूळ टीआरईएफआय ११७०० (३.९ मायक्रोसेकंद) येतो. लोक तो ५०००० पर्यंत नेतात, तुम्ही सुरुवातीला हात लावू नका.

आणि स्टिकची उंची मोजून घ्या. हीटस्प्रेडर नसलेली स्टिक ३१ मिमीच्या आसपास असते, दिव्यांची ४० च्या वर जाते. पुढचा पंखा वर सरकवावा लागला तर कॅबिनेटची काच बसत नाही.

व्होल्टेज उतरवायचा क्रम असा ठेवा. स्टिक ए२ आणि बी२ मध्ये, म्हणजे प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. पहिल्या बूटला मेमरी ट्रेनिंग (बोर्ड रॅमशी सिग्नल जुळवून घेतो ते) चालतं, स्क्रीन कित्येक मिनिटं काळी राहू शकते. त्या वेळी वीज तोडू नका. मग एक्स्पो लावा, एफसीएलके (इन्फिनिटी फॅब्रिकचा वेग) २००० करा आणि यूसीएलके (मेमरी कंट्रोलरचा वेग) एमसीएलकेइतकाच (रॅमच्या घड्याळाइतका, ३०००) आहे ना ते झेनटायमिंग्ज या प्रोग्रॅममध्ये पाहा. काही बोर्ड गुपचूप तो निम्म्यावर आणतात आणि लेटन्सी वाढते. बायोसमधलं मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर तात्पुरतं बंद करा, नाहीतर बोर्ड जुनंच ट्रेनिंग वापरत राहतो आणि नव्या व्होल्टेजची खरी चाचणी होतच नाही.

आधी व्हीएसओसी हाताने १.२० लावा आणि ०.०२५ च्या पायरीने खाली या. चूक दिसली की दोन पायऱ्या वर या आणि तिथेच थांबा. त्यानंतर व्हीडीडी आणि व्हीडीडीक्यू (रॅम चिपची दोन व्होल्टेज) दोन्ही एकदम, प्रत्येकी ०.०२ ने उतरवा, व्हीडीडीआयओ (प्रोसेसरच्या बाजूचं मेमरी व्होल्टेज) व्हीडीडीइतकाच ठेवा. १.३५ वरून किती खाली जाईल ते तुमच्या चिपवर आहे. सीएल३० सोडून सीएल३६ चालणार असेल तर बऱ्याच किट १.२५ च्या जवळपास टिकतात.

हे सगळं होईपर्यंत कर्व्ह ऑप्टिमायझर शून्यावर हवा. उणे २० आणि कमी व्हीडीडी एकदम लावलं तर क्रॅश कशामुळे झाला हे कधीच कळणार नाही.

स्लॉट_बी२

चार स्टिकबद्दल: त्या वाटेला जाऊ नका. रायझन ७००० साठी एएमडीचा अधिकृत वेग दोन स्टिकला ५२०० आहे, चार स्टिकला फक्त ३६००. दोन वेगळ्या किट एकाच मॉडेलच्या असल्या तरी एकत्र तपासलेल्या नसतात. चारही घालून ६००० मिळवायच्या नादात व्हीएसओसी चढवाल आणि कमी व्होल्टेजचा हेतूच बुडेल. ६४ जीबी लागणार असेल तर आत्ताच ३२ च्या दोन घ्या. त्या ड्युअल-रँक (चिपचे दोन गट असलेल्या) असतात, कंट्रोलरवर थोडा जास्त भार येतो, पण ६००० बहुधा जमतं. घेण्याआधी बोर्डच्या क्यूव्हीएल यादीत (कंपनीने तपासलेल्या रॅमच्या यादीत) किटचा पूर्ण मॉडेल क्रमांक शोधा, शेवटच्या अक्षरांसकट, आणि त्यापुढे किती स्टिकसाठी चाचणी झाली आहे तेही वाचा.

फक्त एक्सएमपी (एक्स्पोसारखंच इंटेलचं प्रोफाइल) असलेली किटही चालते, पण दुय्यम टायमिंग बोर्ड स्वतः ठरवतो. एएम५ साठी एक्स्पोवालीच बरी.

कोरा_बोर्ड

मग ३२ च्या दोन, ६००० सीएल३०, १.३५ व्होल्ट, कमी उंचीच्या. दोन गोष्टी राहिल्या. व्होल्टेज पुरेसं आहे हे कोणत्या चाचणीनंतर मानायचं? आणि मशीन बूटच झालं नाही तर?

तापमापी

ऑपरेटिंग सिस्टिम टाकण्याआधी यूएसबीवरून मेमटेस्ट८६ चे चारही पास. त्यानंतर सिस्टिममध्ये टेस्टमेम५ आणि वाय-क्रंचरची व्हीटी३ चाचणी, प्रत्येकी किमान दोन तास, कॅबिनेट बंद करून. शेवटी ग्राफिक्स कार्डवर भार ठेवून हीच चाचणी परत, कारण रॅम तापते ती तेव्हाच. एकही चूक चालत नाही. डीडीआर५ ची ऑन-डाय ईसीसी एका बिटची चूक चिपच्या आत दुरुस्त करते, म्हणून काठावरची सेटिंग थोडा वेळ निर्दोष दिसते. चिप आणि कंट्रोलर यांच्यामधल्या वाटेवरची चूक तिच्या आवाक्यात नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईएच्या (विंडोजने टिपलेल्या हार्डवेअर चुकांच्या) नोंदी आल्या तर आधी एफसीएलके आणि व्हीएसओसीकडे बघा, व्हीडीडीकडे नंतर.

बूट झालं नाही तर आधी दहा-पंधरा मिनिटं थांबा. बरेच बोर्ड काही प्रयत्नांनंतर स्वतःच मूळ सेटिंगवर येतात. नाहीच आलं तर वीज काढून क्लिअर सीमॉस (बायोसची सेटिंग पुसणं). त्यात सगळी सेटिंग पुसली जाते, तेव्हा प्रत्येक टप्प्यावर बायोसमध्ये प्रोफाइल सेव्ह करत जा.