क्वांटम डॉटमध्ये इलेक्ट्रॉन कोंडून सिम्युलेशन कसं होतं?

कपाशीचं_शिवार
बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहो, गाव आर्वी तालुक्यातलं. टीव्हीच्या पडद्यातले क्वांटम डॉट (इलेक्ट्रॉन कोंडून ठेवणारे अतिसूक्ष्म कण) समजले. पण डॉटमध्ये इलेक्ट्रॉन कोंडून दुसऱ्याच पदार्थाचा अभ्यास करतात, हे काही उमजत नाही. एवढे सुपरकॉम्प्युटर असताना याची गरज काहून पडावी?

पुसदचे_मास्तर
बाळा, आकडे फार लवकर हाताबाहेर जातात. हबर्ड मॉडेल घे, म्हणजे पदार्थातले इलेक्ट्रॉन एका जागेवरून दुसऱ्या जागी उड्या मारतात अन् एकमेकांना ढकलतात, याचं सोपं गणिती चित्र. प्रत्येक जागी चार शक्यता: रिकामी, वरचा स्पिन, खालचा स्पिन, दोन्ही (स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनचं इवलंसं चुंबकत्व, वर किंवा खाली). २० जागा झाल्या की ४ चा २० वा घात, म्हणजे सुमारे १.१ लाख कोटी अवस्था. आणखी एक जागा वाढली की चौपट! क्वांटम निसर्गाची नक्कल क्वांटम यंत्रानेच करावी, हे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी १९८१ मध्येच मांडलं होतं.

धरणाआधी छोटी प्रतिकृती बांधून तिच्यात पाणी सोडून बघतात, तसंच हे. डॉट मात्र टीव्हीतले नव्हेत. गॅलियम आर्सेनाइडच्या तुकड्यावर धातूचे बारीक इलेक्ट्रोड असतात, त्यांच्या व्होल्टेजने इलेक्ट्रॉन कोंडणारा खड्डा तयार होतो तोच डॉट, तापमान निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ. व्होल्टेज जरासं बदललं की दोन डॉटमधली भिंत बुटकी होते अन् इलेक्ट्रॉन पलीकडे जाऊ लागतो. उडी किती सहज बसते ते सांगणारा मॉडेलमधला 'टी' तो हाच. एकाच डॉटमध्ये दोघे आले की जे प्रतिकर्षण होतं, तो 'यू'.

कपाशीचं_शिवार
सर, पण चार-पाच डॉटचं गणित तर माझा लॅपटॉपही सोडवेल ना?

पुसदचे_मास्तर
सोडवेलच, अन् म्हणून तर सुरुवात तिथून! उत्तर माहीत असलं तरच यंत्रावर भरवसा बसतो. भौतिकशास्त्रज्ञ नागाओका यांनी १९६६ मध्ये सिद्ध केलं होतं की एकच जागा रिकामी अन् प्रतिकर्षण प्रचंड असेल, तर सगळे स्पिन एका दिशेला वळतात, म्हणजे चुंबकत्व येतं. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या संशोधक गटाने चौकोनातल्या चार डॉटमध्ये तीन इलेक्ट्रॉन ठेवून ते प्रत्यक्ष पाहिलं, २०२० मध्ये. मला सगळ्यात भावलं ते पुढचं: त्यांनी चौकोनाचा एक दुवा तोडून सरळ ओळ केली, तर ते चुंबकत्व नाहीसं झालं. अशी उलटतपासणी हवीच.

वरोऱ्याची_ताई
सिडनीच्या गटाचं २०२२ चं कामही वाच. सिलिकॉनमध्ये फॉस्फरसच्या अणूंचे १० डॉट ओळीने बसवून त्यांनी पॉलिॲसिटिलीन या कार्बनच्या लांब रेणूच्या साखळीचं मॉडेल उभं केलं. अडचण अशी की दोन डॉट कधी हुबेहूब सारखे होत नाहीत. जुळवाजुळवीतच जीव जातो.

पुसदचे_मास्तर
ताईचं बरोबर आहे. तू आता वही काढ. दोन डॉट, दोन इलेक्ट्रॉन, एवढंच मॅट्रिक्स सोडव. यू हा टी पेक्षा बराच मोठा धर. सिंगलेट (दोन स्पिन एकमेकांना रद्द करतात ती अवस्था) अन् ट्रिप्लेट (दोन्ही स्पिन मिळून जोर वाढवतात ती) यांच्या ऊर्जेतलं अंतर जवळपास ४टी²/यू आलं पाहिजे. अडलं तर पानाचा फोटो इथेच टाक.