बाबांच्या इम्प्लांटभोवती पू येतोय, सर्जरी न करता बरं होतं का?

कोथरूडची_लेक:
नमस्कार, बाबा 67 वर्षांचे आहेत, खालच्या दाढेच्या जागी 5 वर्षांपूर्वी इम्प्लांट बसवलंय. दोन महिन्यांपासून ब्रश करताना रक्त येतंय आणि हिरडी दाबली की थोडा पू पण. दुखत अजिबात नाही म्हणून ते दाखवायलाच तयार नव्हते, शेवटी नेलं तर एक्सरे बघून डॉक्टर म्हणाले हाड झिजलंय, पेरी-इम्प्लांटायटिस आहे, आधी क्लीनिंग करू, नाहीतर सर्जरी. बाबांना शुगर आहे, त्यामुळे सर्जरीचं नाव काढलं तरी घाबरतात. नुसत्या क्लीनिंगने जातं का हे? की अँटिबायोटिकचा कोर्स करून बघू?

हिरड्यांचा_डॉक्टर:
मी पेरिओडॉन्टिस्ट आहे. न तपासता बाबांबद्दल नक्की सांगणार नाही, पण गोळ्यांच्या मागे लागू नका. गोळीने पू चार दिवस थांबेल, इम्प्लांटला चिकटलेला थर तसाच राहील आणि पुन्हा सुरू होईल.
नुसती हिरडी सुजली असेल आणि हाड शाबूत असेल तर त्याला म्युकोसायटिस म्हणतात, ती नीट सफाईने बहुतेकदा जाते. हाड झिजायला लागलं की मात्र अवघड होतं. दाताला हाडाशी बांधणारं लिगामेंट असतं, इम्प्लांटला ते नसतं, त्यामुळे सूज खाली लवकर उतरते, शिवाय स्क्रूच्या खडबडीत आट्यांमध्ये घाण बसली की हिरडी न उघडता तिथपर्यंत पोचणं आमच्यासाठीही कठीण जातं.
तरी सुरुवात क्लीनिंगनेच करायची, 2023 च्या युरोपियन गाईडलाईनमध्येही हाच क्रम आहे. अल्ट्रासॉनिक मशीनने किंवा हाताच्या क्युरेटने (खरवडायच्या हत्याराने) हिरडीखाली साफ करायचं, मग 6 ते 12 आठवड्यांनी पुन्हा मोजायचं. पॉकेट, म्हणजे हिरडी आणि इम्प्लांटमधल्या फटीची खोली, 5 मिमीच्या आत आलं, पू थांबला, रक्त फार तर एखाद्या जागी येतंय, तर सर्जरी लागत नाही, पण दर काही महिन्यांनी दाखवत राहायचं. तसं नाही झालं तर मात्र सर्जरी लांबवू नका, दुखत नसलं तरी हाड आत झिजतच राहतं. आणि शुगर कंट्रोलमध्ये नसेल तर हिरडी भरायला वेळ लागतो, HbA1c (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) आधी करून घ्या.

नाशिककर:
माझ्या आईचं अगदी असंच झालं होतं. आम्ही आधी एका ठिकाणी तीनदा गोळ्या घेतल्या, सहा महिने वाया गेले. दुसऱ्या डॉक्टरांनी बघितलं तर कॅप बसवतानाचं सिमेंट हिरडीखाली राहिलेलं, त्याच्यावरच सगळं साचत होतं. ते काढून साफ केलं, दोन महिन्यांनी पॉकेट 7 वरून 4 वर आलं, सर्जरी लागली नाही. सिमेंटची कॅप आहे की स्क्रूची ते जरूर विचारा, स्क्रूची असेल तर काढून खालून साफ करता येते.

मिरजेचा:
माझं उलट झालं. दोनदा क्लीनिंग केलं, पू थांबेना, शेवटी फ्लॅप उघडावा लागला, म्हणजे हिरडी कापून बाजूला करून साफ करावं लागलं. मी तेव्हा सिगारेट ओढायचो, डॉक्टर सारखे सांगत होते आणि मी ऐकत नव्हतो. सर्जरी मात्र लोकल भूल देऊन तासाभरात झाली, बाबांना सांगा एवढं घाबरायचं कारण नाही.

कोथरूडची_लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार. HbA1c 8.4 आलंय, आजच त्यांच्या शुगरच्या डॉक्टरांची वेळ घेतली. कॅप सिमेंटची आहे, आणि एवढी फुगीर की कडेने इंटरडेंटल ब्रश (दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रश) आत जातच नाही! बाबा रोज दोनदा ब्रश करतात, पण तिथपर्यंत पोचतच नव्हता.

हिरड्यांचा_डॉक्टर:
मग हे डॉक्टरांना आवर्जून दाखवा. कॅपचा आकार घासून कमी करता येतो किंवा बदलता येते, ब्रश आत जायला जागाच नसेल तर आम्ही कितीही साफ केलं तरी पुन्हा साचणार. आणि 5 वर्षांपूर्वी कॅप बसवली तेव्हाचा एक्सरे मागून घ्या, आत्ताच्या शेजारी ठेवला की हाड किती उतरलंय ते नक्की कळेल.